मिलची मागची बाजू

खोताची वाडी, गिरगाव
९ फेब्रुवारी १९५८

बंडोपंत,

आशीर्वाद घे. तू उत्तर देत नाहीस म्हणून ते कमी करायचे असं मी ठरवलेलं नाही. तुझी पत्रं तुझ्या वहिनीच्या नावाने येतात. त्यांत भुसावळचं ऊन असतं, खोलीतले ढेकूण असतात, रेल्वे वर्कशॉपातला फोरमन असतो, आणि शेवटी ‘घरी सर्वांना नमस्कार’ असतो. घरात आम्ही दोघंच. त्यातला अर्धा नमस्कार माझा, असं धरून मी तो घेतो.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात आमच्या ड्रॉइंग ऑफिसातली कपाटं साफ केली. मिल बांधली तेव्हाचे नकाशे, कापडावर काळ्या शाईने काढलेले, शिपाई रद्दीत टाकायला निघाला होता. मी त्याच्या हातातून मिलच्या दर्शनी बाजूचा नकाशा काढून घेतला आणि घरी आणला. काय रेघ आहे बंडू! वीस वर्षं रेघा मारूनही माझा हात असा चालत नाही, आणि माझ्या हाताबद्दल माझं स्वतःचं मत किती चांगलं आहे ते तुला ठाऊक आहे.

नकाशा पसरायला माडीवर गेलो तर आपलं रेल्वेचं टेबल. तू गेल्यापासून त्याच्यावर चादर होती, ती काढली. नानांनी आणलेलं किल्लीचं इंजिन, डबे, आपण दोघांनी खिळ्यांनी ठोकलेले रूळ, सगळं जागच्या जागी आहे. तू शाळेत असताना कुरकुरायचास, “दादा, गाडी नुसती गोल गोल फिरते, तिला काही काम नको?” तिला काम मिळावं म्हणून आपण एक कोपरा मिलसाठी मोकळा ठेवला होता. ती मिल मी आता बांधायला घेतली आहे. पुठ्ठ्याची. माप पाव इंचाला एक फूट, कारण आपल्या गाडीचं माप जवळपास तेवढंच पडतं.

तू का गेलास ते मी विचारणार नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या सोमवारच्या संपानंतर आठ दिवसांत तू मिलमधली फिटरकी सोडलीस आणि मला नमस्कार न करता व्हीटीला गेलास, एवढंच मला माहीत आहे. त्या सोमवारी मी कामावर गेलो नव्हतो, दादरला राजारामकडे होतो, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

तुझा,
दादा

६ एप्रिल १९५८

बंडू,

मिलचा पापड झाला. हसू नकोस.

आधी मापाचं सांगतो. नकाशाप्रमाणे मिलची दर्शनी भिंत पाव इंचाच्या मापाने सहा फूट आठ इंच येते, आणि टेबल आहे सात फूट. म्हणजे मिल ठेवली की गाडीने लालबागऐवजी गच्चीवरून जायचं. म्हणून मी ठरवलं की एकतीस खिडक्यांच्या नऊ करायच्या आणि इमारत चार बोटंच जाड ठेवून खोलीच्या भिंतीला चिकटवायची. समोरून पाहणाऱ्याला आख्खी मिल दिसेल. मागे काही नाही.

मग शर्टांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापला. त्यावर विटांचा कागद चिकटवायचा होता, तो मी स्वतः आखला, चार हजारांच्या वर विटा, एकही वाकडी नाही. रविवारी खळ लावून चिकटवला आणि सोमवारी ऑफिसातून येऊन बघतो तर भिंत दोन्ही टोकांनी वर उचललेली. तुझ्या वहिनीने दारातूनच बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

“अहो, एकाच बाजूने कागद लावलात तर ती वाकणारच. मागूनही लावायचा असतो. मखराला मी दरवर्षी काय करते?”

“मागची बाजू कुणाला दिसणार आहे?”

“दिसत नसली तरी लावायची. नाहीतर पुढची धड राहत नाही.”

बंडू, हिच्या हातचं गणपतीचं मखर बघायला आपल्या प्रभू ज्ञातीतल्या निम्म्या बायका वाडीत येतात, आणि मी हिला दोन महिने विचारलं नाही. ड्राफ्ट्समन असल्याचा माज, दुसरं काय. आता रविवारी जेवणं झाली की आम्ही दोघं माडीवर बसतो. ती ब्लेडने अर्धा छेद देते, म्हणजे पुठ्ठा पूर्ण न कापता नुसता मोडता येईल इतका, आणि कोपरा असा काटकोनात वळवते की मी पट्टी लावून बघतो आणि पट्टी ठेवून देतो. आज ईस्टर म्हणून शेजारच्या घरातून केक आला. केक मी अर्धाच खाल्ला, खोकं मात्र पूर्ण घेतलं. चांगला जाड पुठ्ठा आहे, मिलचा जिना त्यातून होईल.

वहिनीच्या पत्रात तुला खोकला असल्याचं वाचलं. भुसावळला अडुळसा मिळत नसेल तर पाठवतो. औषध घ्यायला माझ्याशी बोलावं लागत नाही.

दादा

२८ सप्टेंबर १९५८

बंडू,

काल अनंत चतुर्दशी झाली. जवळजवळ सहा महिने तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. झुरळांनी मिल खाल्ली.

खरंच खाल्ली. खळ मैद्याची, आणि पावसाळ्यात टेबल पुन्हा चादरीखाली. श्रावणात चादर काढली तर पश्चिमेकडच्या तीन खिडक्या आणि भोंग्याचा मनोरा गेलेला. मी इतका चिडलो की सगळं उचलून बंबात घालणार होतो. सुनंदाने, तुझ्या वहिनीने, हात धरला. म्हणाली, “बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, एवढंही तुम्हाला कुणी सांगितलं नाही?” सांगितलं होतं. तू सांगितलं होतंस, बंडू, तुझ्या वह्या बांधताना. मी ऐकलं नव्हतं.

तेव्हा पुन्हा सुरुवातीपासून, आणि यावेळी मोरचुदाची हिरवट खळ. गणपतीत घरी पाहुणे होते तरी माझं चित्त माडीवर. आता दर्शनी बाजू पूर्ण झाली आहे. खिडक्यांना काचा म्हणून ऑफिसातलं जुनं ट्रेसिंग कापड लावलं, उजेड त्यातून धूसर येतो, अगदी सुताच्या धुळीने माखलेल्या काचेसारखा. छपराचे करवतीसारखे दाते सुनंदाने केले. चिमणी मापाने तीन फुटांच्या वर जात होती आणि देवांच्या फळीला लागत होती, म्हणून ती दोन फुटांवर आणली. आणि मोठं गेट, तेच, जिथे तू त्या सोमवारी आपल्या पोरांबरोबर उभा होतास. कमानीवरची अक्षरंसुद्धा काढली आहेत. मिलचं नाव मात्र घातलं नाही, त्या जागी तुझं नाव घातलं. वाचायला भिंग लागेल.

दिवाळीला ये. टेबलाजवळची तुझी खुर्ची कुणी घेत नाही, मी तिच्यावर पुठ्ठे ठेवतो एवढंच. आलास तर उचलीन.

दादा

११ जानेवारी १९५९

बंडू!

दिवाळीला तू आला नाहीस म्हणून मी रुसून दोन महिने लिहिलं नाही, तो रुसवा आज दुपारी संपला. शेजारची कमलाबाई तुझ्या वहिनीकडे हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आली होती, त्या गडबडीत पोस्टमन आला. सुनंदाने तुझं पत्र उघडलं, वाचता वाचता थांबली, आणि कमलाबाईला तशीच दारात सोडून माडीवर आली.

“तुमच्यासाठी आहे,” म्हणाली.

मला वाटलं थट्टा करते. पण खरंच, शेवटच्या नमस्काराच्या वर दोन ओळी. ‘दादाला म्हणावं, मिलला साइडिंग कुठे आहे? मालाच्या वाघिणी आत कुठून जाणार? रेल्वेच्या टेबलावर मिलची मागची बाजू लागते, पुढची नव्हे. उलटी कर.’

तीन वर्षांनी दोन ओळी, आणि त्याही चूक काढायला! मला इतका आनंद झाला की मी त्या मोजून पाहिल्या, एकवीस शब्द. सुनंदा डोळे पुसत खाली गेली. कमलाबाईला तिने काय सांगितलं कोण जाणे.

आणि तुझं बरोबर आहे, गाढवा. रेल्वेला कुणाचं तोंड दिसतं? तिला परसदारं दिसतात. रुईच्या गाठी, कोळसा, सगळं मागच्या साइडिंगच्या रुळांवरून आत जातं, कापडाच्या गासड्या मागूनच बाहेर निघतात. मी अकरा महिने खपून मिलची जी बाजू केली तिच्याशी गाडीचा काडीचा संबंध नाही. एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या माणसाच्या लक्षात आली नाही, याचं मलाच नवल वाटतं.

विचार करतो.

दादा

८ फेब्रुवारी १९५९

बंडू,

विचार केला. मिल उलटी करणार नाही.

एक तर मागच्या बाजूचा नकाशा माझ्याकडे नाही. दुसरं, मला ती बाजू नीट आठवत नाही, कारण मी तिकडे कधी गेलेलोच नाही. ड्रॉइंग ऑफिसच्या माणसाचं साइडिंगवर काय काम? तिसरं, समोरची बाजू इतकी देखणी झाली आहे की ती भिंतीकडे फिरवायला जीव होत नाही. पाहिजे तर एक रूळ कडेने नेतो, वाघिणी भिंतीशी उभ्या राहतील, बघणाऱ्याने समजून घ्यावं.

सुनंदा म्हणते तुम्ही हट्टी आहात. असेन. या विषयावर पुन्हा लिहू नये ही विनंती. बाकी कशावरही लिही, रोज लिही.

दादा

२२ नोव्हेंबर १९५९

प्रिय बंडू,

माझं शेवटचं पत्र तुला जाऊन नऊ महिने झाले. तू त्याला उत्तर दिलं नाहीस, वहिनीच्या पत्रातही माझ्यासाठी पुन्हा ओळ आली नाही. मी ती दर वेळी शोधली.

जूनमध्ये मी मिल उलटी करायला घेतली. कुणाला न सांगता. नकाशा नव्हता तरी हात अडला नाही. काळ्या दगडाची भिंत, तिच्यात पत्र्याचं मोठं दुहेरी फाटक, वाघीण जाईल इतकं, आणि उजव्या फळीत माणूस जाईल एवढं छोटं दार, खाली वाकून जायचं. फाटकाबाहेर पहारेकरी रामजीची खोपटी. रूळ फाटकाखालून आत जातात तिथे दगडाला पडलेल्या खाचासुद्धा मी काढल्या. एकदाही थांबावं लागलं नाही, बंडू. पाहिली नाही म्हणून लिहिलेली बाजू मी डोळे मिटून काढली.

काल एकवीस तारीख होती, त्या संपाला चार वर्षं झाली. संध्याकाळी मी फाटकाला शाई लावत होतो. सुनंदा शेजारी बसून बघत होती. मग म्हणाली, “इथे कोळशाचा ढीग पाहिजे. छोट्या दाराच्या अलीकडे.”

मी म्हटलं, “तुला काय माहीत?”

“त्या दिवशी तुमच्या पांढऱ्या पँटला गुडघ्यापर्यंत कोळसा लागला होता. मीच धुतली ना ती. दादरला राजारामभाऊंकडे कोळसा कुठून आला, असं तेव्हाच मनात आलं.”

चार वर्षं ही बाई हे मनात घेऊन माझ्यासाठी पुठ्ठे मोडत होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. मग तिने माझ्या हातातली शाईची दौत काढून घेतली, सांडेल म्हणून, आणि म्हणाली, “मला नका सांगू. मला माहीत आहे. भाऊजींना सांगा.”

सांगतो.

मी दादरला नव्हतो. आदल्या शनिवारी साहेबाने ड्रॉइंग ऑफिसच्या आम्हा चौघांना बोलावलं आणि म्हणाला, सोमवारी जी खुर्ची रिकामी दिसेल तिच्यावर मंगळवारी दुसरा माणूस बसेल. पुढच्या गेटवर संपवाले असतील, तुम्ही साइडिंगच्या गेटने या, रामजीला सांगून ठेवलं आहे. बाकीचे तिघे गेले नाहीत. मी गेलो. करी रोडच्या बाजूने रुळांच्या कडेकडेने, कोळशाच्या वाघिणींच्या आडून, वाकून त्या छोट्या दारातून आत शिरलो. दिवसभर त्या खोलीत मी एकटा होतो. एका पाइपचा नकाशा काढत बसलो, जो कुणी मागितला नव्हता.

मला घर होतं, तुझी काळजी होती, नाना गेल्यावर सगळं माझ्यावर होतं, असं मी स्वतःला चार वर्षं सांगतो आहे. ते खोटं नाही, पण कारण ते नव्हतं. मी घाबरलो. मनातून मी तुमच्याच बाजूचा होतो, मुंबईसकट महाराष्ट्र झाला पाहिजे असं जेवताना तुझ्यापेक्षा मोठ्याने मी म्हणायचो, आणि प्रत्यक्षात एका साहेबाच्या एका वाक्याला घाबरलो.

संध्याकाळी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाल्याचं वाडीत कळलं. तुझा पत्ता नव्हता. मी दारात उभा होतो, आणि तू आलास तेव्हा तुला जवळ घ्यायचं सोडून पहिलं वाक्य काय बोललो, तर “मी दादरला होतो.” तू विचारलंही नव्हतंस. तू माझ्याकडे बघितलंस आणि न जेवता झोपलास. तेव्हाच मला कळलं की तुला कळलं आहे. रामजीने सांगितलं असणार. पुढच्या गेटवर आपल्या सोबत्यांना ‘माझा भाऊ येणार नाही’ असं तू छातीठोक सांगितलं असशील, आणि तुझी मान खाली गेली असेल. म्हणून तू ही मुंबई सोडलीस, जिच्यासाठी तू भांडत होतास. माझ्यामुळे सोडलीस.

बंडू, मला माफ कर. तुला मी हाताला धरून चालायला शिकवलं, तेव्हा तुझी माफी मागायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आली आहे. तुझ्याशिवाय मला करमत नाही. तू नाही आलास तरी लिहीत राहीन.

तुझा दादा

भुसावळ
४ डिसेंबर १९५९

दादा,

हे पत्र वहिनीच्या नावाने नाही, तुझ्या नावाने आहे. पाकीट आधी तूच उघड.

रामजीने मला काही सांगितलं नाही. त्या माणसाने आजपर्यंत तोंड उघडलेलं नाही.

मी पुढच्या गेटवर नव्हतो, दादा. तसं तूच धरून चाललास, आणि मी खोडून काढलं नाही. कमिटीने मला आणि आणखी दोघांना साइडिंगच्या गेटवर ठेवलं होतं. सकाळी कापड खात्यातला कारकून रामदास आला. हात जोडले त्याने. म्हणाला, बायको हॉस्पिटलात आहे, आज खाडा झाला तर मला काढतील, जाऊ दे रे. मी त्याला म्हटलं, इथून कुणीही आत जाणार नाही, माझा सख्खा भाऊ आला तरी नाही. तो परत गेला. महिन्याभरात त्याला काढलं. ते मला इथे कळलं.

रामदास गेल्यावर तासाभरात माझे दोघे सोबती चहाला गेले. मी एकटा होतो. आणि वाघिणींच्या मागून तू आलास. मान खाली, काखेत डबा. संपाच्या दिवशी कुणी डबा घेऊन निघतं का रे! तू मला बघितलं नाहीस. हाक मारली असती तर तू परत फिरला असतास, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी हाक मारली नाही. मी वळून भिंतीकडे तोंड केलं आणि छोटं दार उघडून मिटल्याचा आवाज येईपर्यंत तसाच उभा राहिलो. पोरं चहा पिऊन आली तेव्हा सांगितलं, कुणी आलं नाही.

त्या रात्री तू ‘दादरला होतो’ म्हणालास, आणि मला वाटलं, आता मी बोललो तर दोघांचंही बाहेर येईल. गप्प बसलो. तुझ्यावर रागावलो असतो तर भांडून मोकळा झालो असतो, तेवढं मला येतं. पण तुझ्याकडे बघितलं की रामदासचे जोडलेले हात दिसायचे. म्हणून पळालो. तू मिल बांधायला घेतलीस, पत्रामागून पत्र आलं, आणि तू पुढचीच बाजू बांधत राहिलास. शेवटी मीच ती दोन ओळींची खोडी काढली. तू ती बाजू बांधलीस तर मला सांगता येईल, असं वाटलं होतं. तू ‘नाही’ लिहिलंस तेव्हा खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

माफी तू माझी मागितलीस. ती ठेवून घेतो, कारण तू दिलेलं मी कधी परत केलेलं नाही. पण आपण दोघांनी मिळून रामदासला शोधू. तो परळला कुठेतरी असतो असं ऐकलं आहे. त्याच्या दारात एकट्याने जायची माझी हिंमत नाही.

नाताळात रजा मिळाली आहे. चोवीस तारखेला सकाळी पोचतो. वहिनीला कोळंबीचं भानोलं करायला सांग, आणि खुर्चीवरचे पुठ्ठे तू उचल.

तुझ्या पत्रात फाटक आहे, रामजीची खोपटी आहे, कोळसा आहे. त्या भिंतीशी एक माणूस राहिला आहे, दादा. पाव इंचाच्या मापाने साधारण सव्वा इंचाचा. तो कापून ठेवू नकोस. मी येऊन कापतो, आणि त्याचं तोंड कुठे करायचं ते आपण समोरासमोर बसून ठरवू.

तुझा,
बंडू